टेनेरिफे, फेब्रुवारी: मुक्काम उत्तरेला की दक्षिणेला? तेइदेची तयारी काय?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवडाभर टेनेरिफेला (स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक) जायचं नक्की झालंय. व्हिसा हातात आहे, विमानाची तिकिटं काढून झालीत, आणि घरात आत्तापासून सगळे कॅलेंडरकडे बघतायत. जाणार चौघं: आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासरे. ते चालायला खणखणीत आहेत, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे. येताना दक्षिण विमानतळ, जाताना शनिवारी सकाळी उत्तर विमानतळ. हॉटेल अजून ठरवलेलं नाही.

जाणकारांना विचारायचंय:

१. मुक्काम कुठे करावा? ऊन तर हवंच.
२. गाडी भाड्याने घ्यावी की बसवर भागेल?
३. तेइदे ज्वालामुखीचा रोपवे आणि शिखर यांचं नेमकं गणित काय? सासऱ्यांना वर नेणं योग्य का?
४. त्या दिवसांत समुद्रात उतरता येतं का? नवऱ्याला स्कूबा करायचं आहे. सध्या विचार असा की शुक्रवारी सकाळी स्कूबा आणि त्याच संध्याकाळी तेइदेवर सूर्यास्त.
५. आम्ही शाकाहारी आहोत.

आणि हो, ज्वालामुखीचं बेट म्हटल्यावर सासूबाईंचा फोनवर एकच प्रश्न असतो: उद्रेक झाला तर? त्याचंही उत्तर द्या.

---

खडकवेडी

चौथ्या मुद्द्यातला बेत आधी रद्द करा. स्कूबा करून त्याच संध्याकाळी तेइदेवर जाणं धोक्याचं आहे. सविस्तर कुणीतरी पाणबुडं लिहीलच, मी हवामान आणि मुक्कामाचं सांगते.

टेनेरिफेत 'आज हवा कशी आहे' हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर, हे विचारावं लागतं. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची ओल घेऊन येतात आणि बेटाच्या उत्तर उतारावर चढतात. वर कोरड्या, उबदार हवेचं झाकण असतं, त्यामुळे ढग साधारण ६०० ते १५०० मीटरच्या पट्ट्यात अडकून पडतो. म्हणून उत्तर हिरवी आणि दक्षिण रखरखीत. त्या पट्ट्याच्या वर गेलात की पुन्हा लख्ख ऊन आणि पायाखाली ढगांचा समुद्र. उत्तरेला खाली मळभ दिसतंय म्हणून तेइदेचा बेत रद्द करणारे लोक हेच विसरतात.

फेब्रुवारीत दक्षिण किनाऱ्यावर दुपारी २१-२२ अंश सहज असतात. त्याच वेळी साधारण ५५० मीटरवरच्या ला लागुना शहरात १५-१६ आणि रिमझिम असू शकते. तुम्हाला ऊन हवंय, तर मुक्काम दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला करा. लोस क्रिस्तियानोस आणि कोस्ता आदेखे इथे सपाट फरसबंद रस्ते आणि आडोशाचे किनारे आहेत, सासऱ्यांना सोयीचं पडेल. एल मेदानोचा नैसर्गिक फिकट वाळूचा किनारा सुंदर आहे, पण तिथे वारा एवढा असतो की पतंग-सर्फिंगवाले तिथेच जमतात. पुस्तक वाचत पहुडायची ती जागा नव्हे.

उत्तरेचं पुएर्तो दे ला क्रूस गाव म्हणून कितीतरी जास्त जिवंत आहे. माझं मत विचाराल तर शेवटच्या दोन रात्री उत्तरेला काढा. परतीचं विमान तिकडूनच आहे आणि ला लागुना (१९९९ पासून जागतिक वारसा), गाराचिको, इकोद, आनागाचं लॉरेल जंगल हे सगळं त्या बाजूला आहे.

उन्हाबद्दल एक. इथलं ऊन फसवं असतं, कारण वारा गार असतो आणि कातडी भाजतेय हे कळतच नाही. बेट बरंच पश्चिमेला असल्याने फेब्रुवारीत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी १२ ला नव्हे, जवळजवळ १:२० ला. 'चार वाजले, ऊन उतरलं' हा हिशेब तिथे लागू पडत नाही. सनस्क्रीन मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला ३०-३५ मिली लागतं, म्हणजे चौघांना १०० मिलीची बाटली एका वेळेलाच संपते. दोन तासांनी आणि पोहून आल्यावर परत लावायचं.

एखाद दिवस कालिमा येऊ शकतो: सहारावरून येणारी धूळ. आकाश पिवळट होतं, उकडतं, घसा खवखवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो इतका दाट होता की कॅनरी बेटांवरचे विमानतळ बंद ठेवावे लागले होते. दमा असेल तर पंप हातातल्या बॅगेत ठेवा. अशा दिवशी तेइदेवर जाऊ नका, वर दृश्यही नसतं आणि हवाही.

---

जिप्सीकाका

तेइदेबद्दल, कारण यात लोक सर्वात जास्त घोळ घालतात.

शिखर ३७१५ मीटर. रोपवेचं खालचं स्थानक २३५६ मीटरवर, वरचं ३५५५ वर, आणि प्रवास सुमारे आठ मिनिटांचा. म्हणजे सकाळी समुद्रकाठी नाश्ता केलेला माणूस दीड-दोन तासांत साडेतीन हजार मीटरवर उभा असतो. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. डोकं जड होणं, धाप लागणं, मळमळणं हे धडधाकट माणसालाही होतं. उपाय सोपे: खालच्या स्थानकाजवळ अर्धा-पाऊण तास काढा, वर हळू चाला, पाणी प्या, आदल्या रात्री दारू नको. त्रास वाढला तर पुढची केबिन पकडून खाली या. उतरणं हेच औषध.

सासऱ्यांचा रक्तदाब गोळीने ताब्यात असेल तर डॉक्टरांना दोन आकडे सांगून विचारा: ३५५५ मीटर आणि तास-दीड तास मुक्काम. 'डोंगरावर जातोय' असं मोघम सांगू नका. हृदयविकार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि अगदी लहान मुलं यांच्यासाठी रोपवेवाल्यांच्याच सूचना आहेत, तिकीट काढताना त्या वाचा.

आता परवाना. रोपवेचं तिकीट आणि शिखराचा परवाना या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एकाबरोबर दुसरं मिळत नाही. वरच्या स्थानकापासून तीन वाटा निघतात:

क्रमांक १०, तेलेस्फोरो ब्राव्हो, थेट विवराच्या काठापर्यंत. हिलाच परवाना लागतो. चढ १६० मीटरचाच, पण त्या उंचीवर ४० मिनिटं धरा. वर गंधकाचा वास आणि खडकातून गरम वाफा.

क्रमांक ११, ला फोर्तालेसाच्या दृश्यस्थळाकडे, उत्तरेकडचा ढगांचा समुद्र दिसतो.

क्रमांक १२, पिको व्हिएहोच्या विवराच्या दृश्यस्थळाकडे. मला विचाराल तर तिन्हींत हीच सरस.

शिखराचे परवाने मोजके असतात आणि लवकर संपतात. परवान्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि वेळेची खिडकी असते. वाटेवर मूळ पासपोर्ट बघतात, फोनमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. नोंदणीची पद्धत आणि शुल्काचे नियम अलीकडे बदलत आलेत, म्हणून जुन्या ब्लॉगवर विसंबू नका, राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकृत नोंदणीस्थळावरच पाहा. नाही मिळाला तर हळहळू नका. फेब्रुवारीत बर्फ-हिमाने या वाटा तशाही अनेकदा बंद असतात.

सगळ्यात महत्त्वाचं: तेइदेचा दिवस आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा. वारा वाढला की रोपवे बंद होतो, आणि हिवाळ्यात हे नेहमीचं आहे. शेवटच्या दिवशी ठेवलात आणि वारा सुटला तर दुसरी संधीच नाही. पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते, पण बदलायला तारीख शिल्लक हवी ना! निघण्याआधी रोपवे चालू आहे का आणि रस्ते उघडे आहेत का ते सकाळी पाहा. बर्फ पडलं की टीएफ-२१ आणि टीएफ-२४ हे वर जाणारे रस्ते बंद करतात.

कपडे: दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं. किनाऱ्यावर २१ असताना वर शून्याच्या आसपास, वाऱ्यात त्याहून बोचरं. जाकीट, टोपी, हातमोजे, लांब पँट. चपला-सँडल घालून आलेल्यांना वाटेवर सोडत नाहीत, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. ताज्या लाव्ह्याचा खडबडीत प्रकार काचेसारखा कापतो. पडलात तर तळहात सोलून निघतो.

वर न जाणाऱ्यांसाठी रोकेस दे गार्सिया या खडकांभोवतीची फेरी आहे, साधारण साडेतीन किलोमीटर, दोन तास. ला रुलेताच्या दृश्यस्थळापासून सुरुवात सपाट, मग उकांका मैदानात उतार, आणि खरा चढ अगदी शेवटी येतो. लोक जोशात उतरतात आणि परतताना बसतात. सासऱ्यांना नेहमीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत न्या आणि त्याच वाटेने परत आणा, उत्तम दृश्यं त्या टप्प्यातच आहेत.

दगड, वाळू, झाड काहीही उचलायचं नाही, अगदी खडाही. दंड होतो.

---

पाणबुड्या

खडकवेडींनी सांगितलंच आहे. स्कूबाच्या वेळी दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. त्याआधी कमी दाबात गेलात तर बुडबुडे होतात: सांधेदुखी, मुंग्या, क्वचित पक्षाघातापर्यंत. विमानाच्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीइतका असतो. तेइदेचा रस्ताच २३०० मीटरपर्यंत नेतो, रोपवे तर त्याच्याही वर. म्हणजे तेइदे हे विमानच समजा.

डायव्हिंगवाल्यांचा सर्वमान्य नियम: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवस असतील तर १८ तास. मी कुणालाही सरळ २४ सांगतो. आणखी एक फसगत: दक्षिणेत डाइव्ह करून डोंगरावरून उत्तरेला गाडी नेणारे लोक. तेही चढणंच आहे. किनाऱ्याच्या टीएफ-१ ने जा, त्यातही उत्तरेकडे जाताना ला लागुनाचा पट्टा ६०० मीटरच्या आसपास येतोच. तुमचा उत्तर विमानतळही ६३३ मीटरवर आहे.

तेव्हा क्रम असा: तेइदे आधी, स्कूबा मग, आणि स्कूबा ते शनिवारच्या विमानात पूर्ण एक दिवस मोकळा. पाणी त्या काळात १८-१९ अंश असतं, वर्षातलं सर्वात गार. ५ मिमीचा सूट नव्हे, ७ मिमी मागा.

पोहण्याबद्दल: हिवाळ्यात अटलांटिकची मोठी लाट उत्तरेच्या किनाऱ्यावर आदळते. गाराचिकोची लाव्ह्यातली नैसर्गिक कुंडं फोटोत शांत दिसतात, पण भरतीला मोठी लाट भिंत ओलांडून येते आणि परत जाताना माणसाला ओढून नेते. उतरण्याआधी १५-२० मिनिटं नुसतं बघत बसा, कारण मोठ्या लाटा टोळीने येतात आणि मधे बराच वेळ काहीच येत नाही. दोरी बांधली असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. लाल निशाण म्हणजे गुडघाभर पाणीसुद्धा नाही. स्पेनच्या हवामान खात्याचे किनाऱ्यासाठीचे इशारे वेगळे असतात, आकाश निरभ्र असतानाही लागू असतात. मदतीसाठी ११२.

मुलीला पोहायचं असेल तर दक्षिणेतले लाटारोधक भिंतीआडचे किनारे, किंवा सांता क्रूसजवळचं लास तेरेसितास. तिथली पिवळी वाळू १९७० च्या दशकात सहारातून आणून टाकलेली आहे. मूळचे किनारे बहुतेक काळे, आणि काळी वाळू दुपारी अनवाणी पायांना सहन होत नाही. पाण्यापर्यंत चपला घाला.

देवमासे बघायचे असतील तर टेनेरिफे आणि ला गोमेरा यांच्यामधल्या पाण्यात आखूड पंखांचे पायलट व्हेल बारमाही राहतात. सकाळची फेरी घ्या, दुपारी वारा वाढून होडी हलते. परवानाधारक होडीवर 'बार्को असुल' निशाण असतं. ६० मीटरच्या आत जाणं आणि त्यांच्याबरोबर पोहणं बेकायदा आहे. तसं आमिष दाखवणाऱ्याची होडी टाळा.

---

चाकावरचापाय

गाडी की बस: दोन्ही. पूर्ण आठवडा गाडी ठेवायची गरज नाही.

बेटावर बसला 'ग्वाग्वा' म्हणतात, हिरव्या रंगाच्या तित्सा कंपनीच्या. 'तेन मास' कार्ड घ्या, रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतं आणि एका कार्डावर चौघं जाऊ शकता, माणशी एकदा टेकवायचं. किनाऱ्याच्या गावांना, सांता क्रूसला, विमानतळाला बस उत्तम. तेइदेसाठी पुएर्तो दे ला क्रूसहून ३४८ आणि कोस्ता आदेखेहून ३४२. दिवसाला सकाळी एक जाणार, दुपारी एक येणार. ती चुकली तर संपलं. रोपवेची वेळ त्यामुळे बसच्या मधल्या तासांतच घ्या. सूर्यास्त बघायचा तर गाडी किंवा सहल.

गाडी तीन दिवस घ्या. सांभाळायचं ते हे:

चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड, अनामत रक्कम त्यावरच अडकवतात, डेबिट अनेकदा नाकारतात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना. ऑटोमॅटिक हवी असेल तर नोंदणीतच मागा, तिथल्या बहुतेक गाड्या गिअरच्या असतात. विम्यात टायर, काच आणि गाडीचं पोट धरलंय का ते वाचा. कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान सहसा विम्याबाहेर असतं. दक्षिणेत घेऊन उत्तरेला सोडणार असाल तर त्याचे पैसे आधी विचारा.

रस्त्याची उजवी बाजू. चौकातल्या वर्तुळात आधीच असलेल्या गाडीचा हक्क, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. महामार्गावर १२०, साध्या रस्त्यावर ९०, आणि गावात एकेक पदर असलेल्या रस्त्यावर ५० नव्हे तर ३०. निळ्या रेषा म्हणजे पैसे भरून पार्किंग, पिवळी रेषा म्हणजे नाही.

मास्का गावाचा टीएफ-४३६ रस्ता अरुंद, हेअरपिन वळणांचा, समोरून बस आली की मागे घ्यावी लागते. चढावर गाडी थांबवून उचलायचा सराव नसेल तर तो टाळा. मास्काच्या घळीत उतरायला आधी नोंदणी लागते, आणि सासऱ्यांसाठी ती वाट नाहीच.

तेइदेवर जाताना टाकी खालीच भरा. रोपवेजवळचं पार्किंग लहान आहे, नऊच्या आत पोहोचा. उतरताना ब्रेक दाबून बसू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सोडा. ब्रेकचा जळका वास त्या रस्त्यावर रोज कुणाच्या तरी गाडीला येतो.

---

पावशेर

खाण्याचं थोडक्यात. 'पापास आरुगादास' म्हणजे मिठाच्या पाण्यात शिजवलेले सालासकट छोटे बटाटे, सोबत मोहो नावाची लाल किंवा हिरवी चटणी. हे निर्धास्त खा. भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीज, 'केसो आसादो', तेही. सावध राहायचं ते 'पोताखे' या भाज्यांच्या सूपपासून, त्यात डुकराचं हाड किंवा मांस बऱ्याचदा असतं. 'एस्काल्दोन' हा गोफियोचा (भाजलेल्या धान्याच्या पिठाचा) पदार्थ माशांच्या रश्श्यात करतात. 'विना मांस' एवढंच म्हणालात तर हॅम आणि टूना घातलेलं सॅलड येईल, त्यांच्या लेखी ते मांस नव्हे. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन' (मांस, मासे, हॅम नको) असं तिन्ही म्हणा, आणि सूपाला 'सिन काल्दो दे कार्ने' (मांसाचा रस्सा नको) जोडा. सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे.

---

निळीशाई

केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. नवा क्रम: सोमवारी तेइदे (मंगळवार राखीव), बुधवारी देवमासे, गुरुवारी सकाळी नवऱ्याचं स्कूबा, गुरुवारीच दुपारी उत्तरेला मुक्काम हलवायचा, शुक्रवारी इकोद आणि गाराचिको. चालेल? आणि सासूबाईंचा प्रश्न राहिलाच.

---

खडकवेडी

सासूबाईंना सांगा: टेनेरिफेवरचा शेवटचा उद्रेक १९०९ मधला, चिन्येरो. गाराचिकोचं बंदर १७०६ मध्ये लाव्ह्याने बुजलं, ते शुक्रवारी तुम्ही बघालच. बेटावर भूकंपमापक, जमिनीचा फुगवटा मोजणारी यंत्रं, वायूंची मोजणी अशी सतत पाळत असते आणि धोक्याची पातळी हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चार रंगांत जाहीर होते. शेजारच्या ला पाल्मावर २०२१ मध्ये १९ सप्टेंबरला उद्रेक झाला, तेव्हा भूकंपांची माळ ११ सप्टेंबरपासूनच सुरू झाली होती. तो ८५ दिवस चालला. तेव्हा प्रवाशांना मुख्य त्रास राखेमुळे विमानं अडकण्याचा होता. प्रवास विम्यात नैसर्गिक आपत्तीमुळे विमान रद्द झाल्याचं कलम आहे का एवढं बघून घ्या.

इकोदची 'कुएव्हा देल व्हिएंतो' ही लाव्ह्याची भुयारं आगाऊ नोंदणीशिवाय बघता येत नाहीत. वाटाड्याबरोबरच सोडतात, हेल्मेट तेच देतात, बंद बूट लागतात. सुमारे २७ हजार वर्षांपूर्वी पिको व्हिएहोच्या लाव्ह्याचा वरचा थर गोठला आणि आतला वाहून गेला, त्यातून ती झाली. शुक्रवारची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.

---

पाणबुड्या

क्रम ठीक, एक बदल. गुरुवारी सकाळी स्कूबा आणि दुपारी लगेच ला लागुनावरून उत्तरेला, हे नको. एकतर गुरुवारची रात्र दक्षिणेतच काढा आणि शुक्रवारी सकाळी निघा, किंवा स्कूबा आणि देवमासे यांची अदलाबदल करा. अदलाबदल बरी, कारण मग गुरुवारी समुद्र खवळला तरी स्कूबा हातचं जात नाही. मात्र तेइदे मंगळवारवर ढकललंत तर बुधवारी सकाळी पाण्यात उतरायला काही हरकत नाही. उलटा क्रम चालत नाही, हा सुलटा आहे.

---

चाकावरचापाय

उत्तर विमानतळावर ढग उतरला की विमानं उशिरा सुटतात किंवा दक्षिणेला वळवतात. पुढचं जोडविमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मधे किमान चार तास ठेवा. एकाच तिकिटावर असेल तर ती जबाबदारी विमान कंपनीची. दोन्ही विमानतळांना जोडणारी ३४३ क्रमांकाची बस आहे, तिचं वेळापत्रक फोनमध्ये टाकून ठेवा.